संशोधनग्रंथ वाढले, प्रती घटल्या: गेल्या काही दशकांतील वाढ कशी समजून घ्यावी

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांशी ज्यांचा संबंध राहिला आहे, त्यांना एक बदल वेगळा सांगावा लागणार नाही. पूर्वी एखाद्या प्राध्यापकाच्या नावावर संपूर्ण सेवाकाळात एखादे संशोधनपर पुस्तक असले, तरी त्याचे कौतुक होत असे. आता पदोन्नतीच्या फायलीत दोन-तीन पुस्तके, संपादित ग्रंथांतील पाच-सहा प्रकरणे आणि चर्चासत्रांच्या प्रोसिडिंग्जची, म्हणजे तिथल्या निबंधांच्या संग्रहांची, चळत असणे ही नेहमीची बाब झाली आहे. हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज, रूटलेज आणि पालग्रेव्ह मॅकमिलन या चार मोठ्या प्रकाशकांनी २००४ साली मिळून सुमारे २,५०० नवे संशोधनग्रंथ काढले होते. २०१३ साली हाच आकडा सुमारे ५,००० झाला, म्हणजे दहा वर्षांच्या आत तो दुप्पट झाला. पण साधारण त्याच काळातला दुसरा आकडा याच्या अगदी उलट दिशेला जातो. २००५ ते २०१४ या अवधीत ब्रिटनच्या किरकोळ बाजारात विकल्या गेलेल्या अभ्यासविषयक पुस्तकांची शीर्षके सुमारे ४३,००० वरून ६३,००० वर गेली आणि दर शीर्षकामागे विकल्या जाणाऱ्या सरासरी प्रती मात्र १०० वरून ६० वर आल्या. गुणाकार करून पाहिल्यास शीर्षके जवळपास दीडपट होऊनही एकूण विकलेल्या प्रती कमीच झाल्या, हे लगेच लक्षात येते.

कोणत्याही दुसऱ्या धंद्यात असे झाले असते, तर माल कमी काढला गेला असता. एका वस्तूमागचे गिऱ्हाईक घटत असताना तिचे नवनवे प्रकार वाढत जातात, तेव्हा त्या वाढीमागे गिऱ्हाइकाची मागणी नसून आणखी काही असले पाहिजे, असा तर्क करावा लागतो. संशोधनग्रंथांच्या बाबतीत ते ‘आणखी काही’ म्हणजे लिहिणाऱ्याची गरज आणि छपाईचे बदललेले अर्थशास्त्र. या दोन गोष्टी नीट समजल्या, तर आकड्यांनी हुरळून जाण्याचे किंवा घाबरण्याचे कारण उरत नाही.

आधी मोजमापाविषयी सांगायला हवे, कारण या विषयातील बराचसा गोंधळ तिथेच आहे. पुस्तक कशाला म्हणावे, याची युनेस्कोने १९६४ साली आकडेवारीसाठी केलेली व्याख्या अशी आहे की, वेष्टनाची पाने वगळून किमान ४९ पृष्ठांचे, नियतकालिक नसलेले आणि लोकांसाठी उपलब्ध असलेले छापील प्रकाशन म्हणजे पुस्तक. या व्याख्येत मजकुराच्या दर्जाचा काहीच संबंध नाही आणि तो नसणेच योग्य आहे, कारण मोजणाऱ्याने वाचत बसावे अशी अपेक्षा करता येत नाही. संशोधनग्रंथ म्हणजे मात्र निराळी वस्तू: एखाद्या मर्यादित विषयावर मूळ साधने तपासून, आधीच्या अभ्यासकांशी वाद-संवाद करून, संदर्भ आणि सूचीसह मांडलेला सलग युक्तिवाद. पाठ्यपुस्तके, स्पर्धा परीक्षांची पुस्तके, चर्चासत्रातील निबंधांचे संग्रह, जसाच्या तसा छापलेला पीएच.डी.चा प्रबंध आणि हा खरा संशोधनग्रंथ, यांना वेगळे काढणारी चाळणी कोणत्याही देशाच्या आकडेवारीत नीट बसवलेली नाही.

सर्वांना हाताशी असलेले माप म्हणजे आयएसबीएन, म्हणजेच प्रत्येक पुस्तकाला ओळखीसाठी मिळणारा प्रमाण क्रमांक. हा क्रमांक १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला, तेव्हा तो दहा अंकी होता; १ जानेवारी २००७ पासून तो तेरा अंकी झाला. आपल्याकडच्या पुस्तकामागे ९७८ नंतर ८१ किंवा ९३ हे अंक दिसतात, ते भारताचे. त्यापुढे प्रकाशक आणि पुस्तक या दोन्हींसाठी मिळून सात अंक उरतात आणि शेवटचा अंक केवळ तपासणीचा असतो. म्हणजे एका गटात जास्तीत जास्त एक कोटी क्रमांक बसतात. ते प्रकाशकांना दहा, शंभर, हजार अशा गठ्ठ्यांनी दिले जातात आणि त्यातले बरेच पडून राहतात, हे खरे असले, तरी ८१ पुरेना म्हणून ९३ घ्यावा लागला, एवढ्यावरूनही वाढीचा अंदाज येतो. भारतात हा क्रमांक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी विनामूल्य देते. प्रकाशकाला देते, संस्थेला देते आणि स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही देते. २०१६ पासून त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. क्रमांक देताना पुस्तक कोणी वाचत नाही, तपासत नाही. मोटारीच्या नंबरपाटीवरून चालक कसा आहे हे जसे कळत नाही, तसे आयएसबीएनवरून ग्रंथ कसा आहे हे कळत नाही. तरीही ‘आयएसबीएन असलेले पुस्तक’ हे शब्द आपल्या महाविद्यालयांत अजूनही दर्जाचा दाखला असल्यासारखे उच्चारले जातात.

शिवाय एकाच पुस्तकाच्या पुठ्ठाबांधणीच्या, कागदी बांधणीच्या आणि ई-आवृत्तीला प्रत्येकी वेगळा क्रमांक लागतो, त्यामुळे क्रमांक मोजले की पुस्तके फुगतात. हे फुगणे कुठवर जाऊ शकते, याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. २०१० साली तिथे नेहमीच्या प्रकाशकांची सुमारे ३ लाख १६ हजार छापील शीर्षके नोंदली गेली आणि त्याच वर्षी ‘अपारंपरिक’ शीर्षके निघाली २७ लाखांहून अधिक. यातला मोठा भाग स्वामित्वहक्क संपलेल्या जुन्या पुस्तकांच्या, मागणी आली तरच छापल्या जाणाऱ्या प्रतिकृतींचा होता. म्हणजे त्या पुस्तकांचा क्रमांक अस्तित्वात होता, प्रत कदाचित एकही नव्हती. आपल्याकडे १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कोन्नेमारा आणि दिल्लीचे सार्वजनिक ग्रंथालय यांना पाठवायच्या असतात. हा कायदा सर्वांनी पाळला असता, तर देशातील पुस्तकांची मोजदाद सोपी झाली असती. पण अनेक छोटे प्रकाशक तो पाळत नाहीत आणि संस्थांनी काढलेली प्रोसिडिंग्ज तर तिथवर क्वचितच पोहोचतात. म्हणून ‘अमुक टक्के वाढ’ असा नेमका आकडा कोणी सांगू लागला, तर त्यात काय काय धरले आहे, हे आधी विचारावे.

आता जुनी पद्धत कशी होती, ते पाहू, आणि त्यासाठी सोलापूरच्या बाहेर जायची गरज नाही. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या इथल्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९४० च्या दशकात जीवराज जैन ग्रंथमाला सुरू केली. तिचा पहिला ग्रंथ म्हणजे ‘तिलोयपण्णत्ती’ या प्राकृत ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकवणारे आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन हे तिचे संपादक होते. पहिला भाग १९४३ साली आला आणि दुसरा १९५१ साली. याच मालेत १९४९ मध्ये कृष्णकांत हंदिकी यांचा, सोमदेवाच्या दहाव्या शतकातील ‘यशस्तिलक’ या संस्कृत चंपूकाव्यावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. हंदिकी हे गौहाटी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. आसाममधील विद्वानाचा ग्रंथ सोलापुरातून निघाला आणि आजही जगभरच्या प्राच्यविद्या अभ्यासकांच्या संदर्भसूचीत त्यापुढे ‘शोलापूर, १९४९’ असे छापलेले असते. सोलापुरात तेव्हा विद्यापीठ नव्हते. दयानंद महाविद्यालय १९४० साली निघाले होते, तेवढेच.

या उदाहरणात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. ग्रंथ विकला जाऊन खर्च निघेल, अशी अपेक्षा तेव्हाही कोणी धरली नव्हती. पैसा धर्मादाय निधीचा होता. आणि तो पैसा छपाईइतकाच, किंबहुना अधिक, संपादनाच्या प्रदीर्घ श्रमांमागे उभा होता. दोन भागांत आठ वर्षांचे अंतर पडले, म्हणून कोणाची वेतनवाढ थांबत नव्हती.

पुढच्या काळात लिहिणारेच वाढले. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार देशात पीएच.डी.साठी नोंदणी केलेले विद्यार्थी २०१४-१५ मध्ये १.१७ लाख होते, ते २०२१-२२ मध्ये २.१२ लाख झाले. विद्यापीठेही वाढली. सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये २००४ पर्यंत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली होती; त्या वर्षी एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र सोलापूर विद्यापीठ झाले, जे आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. संशोधन केंद्रे जवळ आली, मार्गदर्शक वाढले, प्रबंध वाढले, आणि प्रत्येक प्रबंध हा एका संभाव्य पुस्तकाचा कच्चा खर्डा असतो. जर्मनीत तर प्रबंध प्रसिद्ध केल्याशिवाय डॉक्टर ही पदवी लावताच येत नाही, त्यामुळे तिथे प्रत्येक प्रबंधामागे एक प्रकाशन ठरलेलेच असते. वाढीचा हा भाग स्वाभाविक आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. शिकलेल्यांची पहिली किंवा दुसरी पिढी ज्या घरांतून येते, त्या घरांतील मुलामुलींनी ग्रंथ लिहिले, तर ग्रंथांची संख्या वाढणारच.

गुणांकनाचे मात्र तसे नाही. ब्रिटनमध्ये १९८६ पासून विद्यापीठांच्या संशोधनाचे ठरावीक वर्षांनी मूल्यमापन होऊ लागले आणि सरकारी निधीचे वाटप त्यावर अवलंबून राहू लागले. मानव्यविद्या शाखांत ग्रंथ हेच संशोधनाचे मुख्य चलन असल्यामुळे प्रत्येक फेरीआधी ग्रंथ पुरे करण्याची घाई तिथे सुरू झाली. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी एपीआय, म्हणजे प्राध्यापकाच्या शैक्षणिक कामाला गुण देण्याची पद्धत, आणली. त्यात आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला ५० गुण, राष्ट्रीय पातळीवरील प्रकाशकाच्या पुस्तकाला २५ आणि आयएसबीएन असलेल्या स्थानिक प्रकाशकाच्या पुस्तकाला १५ गुण होते. २०१८ च्या नियमांत हे कोष्टक बदलले: आंतरराष्ट्रीय प्रकाशकाला १२, राष्ट्रीय प्रकाशकाला १०, संपादित ग्रंथातील एका प्रकरणाला ५, आणि ग्रंथाच्या संपादकाला प्रकाशकानुसार १० किंवा ८.

हे आकडे शेजारी ठेवून वाचले, तर प्राध्यापक काय लिहितील, हे आधीच सांगता येते. भाषा आणि सामाजिक शास्त्रांतील एका मान्यताप्राप्त शोधनिबंधालाही याच कोष्टकात १० गुण आहेत. म्हणजे चार-पाच वर्षे खपून लिहिलेला तीनशे पानांचा ग्रंथ आणि बारा पानांचा निबंध यांचे वजन सारखे. आणि आठ-दहा पानांची दोन प्रकरणे मिळून एका पूर्ण ग्रंथाच्या बरोबरीची. ज्याला कॅसखाली, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या योजनेखाली, पुढच्या श्रेणीत जायचे आहे, त्याने ग्रंथ लिहावा की प्रकरणे द्यावीत, याचे उत्तर नियमानेच देऊन ठेवले आहे. त्यात महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात दर शिक्षकामागे किती पुस्तके, संपादित ग्रंथांतील किती प्रकरणे आणि प्रोसिडिंग्जमधील किती निबंध प्रसिद्ध झाले, हे विचारले जाते. परिणामी एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र, नोंदणी शुल्कात निबंधाची छपाई, उद्घाटनाच्याच व्यासपीठावर ग्रंथाचे प्रकाशन, आणि त्या ग्रंथात भक्ती चळवळीपासून बँकांच्या विलीनीकरणापर्यंत सर्व काही, हा साचा रूढ झाला. चर्चा होण्याआधीच चर्चेचा ग्रंथ छापून तयार असतो, हे आपल्याला आता खटकत नाही, याचेच मला अधिक आश्चर्य वाटते.

‘राष्ट्रीय प्रकाशक’ कोणाला म्हणायचे, हा तर वेगळाच गमतीचा प्रश्न आहे. २०१० च्या कोष्टकात स्थानिक प्रकाशकाची निराळी पायरी होती. २०१८ मध्ये ती गेली. आयएसबीएनवर राष्ट्रीय आणि स्थानिक असा भेद नसतोच, त्यामुळे दोन खोल्यांच्या कार्यालयातील प्रकाशकानेही आपल्या नावात ‘नॅशनल’ किंवा ‘इंटरनॅशनल’ हा शब्द घातला की छाननी समितीपुढे वाद घालण्याइतकी जागा निर्माण होते.

पण नुसती गरज असून भागत नाही; ती भागवणारे यंत्रही लागते. सोलापुरी चादरीचे उदाहरण घेतले, तर हे अर्थशास्त्र चटकन समजेल. जॅकार्डच्या मागावर चादर विणायची, तर आधी नक्षी कागदावर उतरवावी लागते, तिची कार्डे पाडावी लागतात, माग लावावा लागतो. या तयारीचा खर्च एक चादर विणली काय किंवा हजार विणल्या काय, तेवढाच असतो; म्हणून जितक्या जास्त चादरी, तितका एका चादरीवरचा तयारीचा बोजा कमी. पुस्तकाचेही तसेच आहे. हस्तलिखित तज्ज्ञांकडून तपासून घेणे, लेखकाकडून दुरुस्त्या करवून घेणे, भाषेचे संपादन, मुद्रितशोधन, मांडणी, सूची, हा सगळा पहिल्या प्रतीआधीचा खर्च. त्यानंतर कागद, शाई आणि बांधणी, हा प्रतीगणिक वाढणारा खर्च. जुन्या ऑफसेट छपाईत प्लेट करून यंत्र लावण्याचाही खर्च पहिल्या प्रकारात मोडत असे, त्यामुळे पाचशे-हजार प्रतींखाली छपाई परवडत नसे आणि एवढ्या प्रती खपतील का, या भीतीने प्रकाशक अनेक हस्तलिखिते परत करीत असे.

डिजिटल छपाईने नेमकी हीच अडचण दूर केली. अमेरिकेत १९९७ साली इन्ग्रॅम या पुस्तक-वितरण कंपनीने मागणीनुसार एकेक प्रत छापणारी लायटनिंग ही शाखा सुरू केली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ही पद्धत जगभर पसरली. पन्नास प्रतीही परवडू लागल्या. गोदाम नको, न खपलेल्या गठ्ठ्यांची रद्दी नको. १९७० च्या दशकात इंग्रजी विद्यापीठ-प्रकाशक एका संशोधनग्रंथाच्या दोन-तीन हजार प्रती छापत. शतक संपताना हा आकडा काही शेकड्यांवर आला होता आणि तरीही धंदा चालू राहिला, याचे कारण एकीकडे हे तंत्र आणि दुसरीकडे प्रत्येक प्रतीची चढी किंमत.

मात्र स्वस्त झाली ती छपाई. संपादन स्वस्त झाले नाही. अमेरिकेतील वीस विद्यापीठ-प्रकाशकांचे हिशेब तपासून २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एक संशोधनग्रंथ तयार करण्याचा खर्च सुमारे १५ हजार डॉलरपासून १ लाख ३० हजार डॉलरपर्यंत आढळला आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा कर्मचाऱ्यांच्या वेळेचा होता. माणसाने माणसाचे लेखन वाचून सुधारायचे काम यंत्राने फारसे कमी केलेले नाही. तेव्हा छपाई नगण्य आणि संपादन महाग, अशा स्थितीत पुस्तकांची संख्या सर्वांत वेगाने कुठे वाढेल? जिथे संपादन गाळले जाते, तिथे. गेल्या काही दशकांतील वाढीविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर मी ही सांगेन.

आपल्याकडे हे गाळणे कसे होते, ते बहुतेकांना ठाऊक आहे. लेखक टंकलिखित मजकूर देतो, डीटीपी होते, आयएसबीएन मिळतो, शंभर प्रती छापल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच लेखकच विकत घेतो आणि परीक्षण करणारा कोणी मध्ये येतच नाही. व्यवहाराचा पैसा वाचकाकडून येत नसून लेखकाकडून येतो. त्यामुळे पुस्तक वाचले जाईल की नाही, याची काळजी प्रकाशकाला करावी लागत नाही. परदेशी नावाच्या काही कंपन्या तर पीएच.डी. झालेल्यांना ई-मेल पाठवून ‘तुमचा प्रबंध आम्ही पुस्तकरूपात काढतो’ असे कळवतात. त्यासाठी पैसे घेतीलच असे नाही. पण तिथेही कोणी तपासणी करीत नाही आणि लेखकाचे हक्क मात्र करारात अडकतात.

मोठ्या प्रकाशकांची गोष्ट वेगळी, पण तिलाही वाढीचीच दिशा आहे. १९९८ साली रूटलेज टेलर अँड फ्रान्सिसकडे गेली, २०१५ साली स्प्रिंगर आणि पालग्रेव्ह मॅकमिलन एका छत्राखाली आले; थोड्या कंपन्यांच्या हाती पुष्कळ ग्रंथ आले. ग्रंथालयांना त्या सुटी पुस्तके विकण्याऐवजी विषयवार ई-पुस्तकांचे संच विकू लागल्या. संचात किती शीर्षके आहेत, यावर त्याची किंमत सांगता येते, त्यामुळे एखादे शीर्षक फार थोड्यांनी उघडले, तरी ते संचात असणे कंपनीच्या फायद्याचे असते. संचातील एकेका पुस्तकाची निवड ग्रंथपालाच्या हातात राहत नाही, ती प्रकाशक करतो.

ग्रंथालयांच्या बाजूने पाहिले, तर त्यांचा पैसा आधीच दुसरीकडे वळलेला होता. १९७०-८० पासून विज्ञान नियतकालिकांच्या वर्गण्या सतत चढत गेल्या. त्या बंद करणे शास्त्र विभागांना मान्य होण्यासारखे नव्हते, म्हणून कात्री पुस्तकांच्या खरेदीला लागली. आपल्याकडेही चित्र फार निराळे नाही. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार ई-नियतकालिके त्यातून देशभरच्या सरकारी उच्च शिक्षण संस्थांना मिळतात. योजना उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण ती नियतकालिकांची आहे. इतिहास, साहित्य, समाजशास्त्र या विषयांचे काम ज्या ग्रंथांवर चालते, त्यांच्यासाठी एवढी रक्कम कोणी बाजूला काढलेली नाही.

या सगळ्यात चांगले काहीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. सोलापूरसारख्या शहराला छोट्या छपाईची गरज कोणाहीपेक्षा अधिक आहे. इथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत लोक बोलतात, लिहितात. तेलंगणातून येऊन स्थिरावलेल्या पद्मशाली विणकरांच्या वस्त्या, सिद्धरामेश्वरांची कन्नड वचने आणि मराठी लोकजीवन यांचा संबंध, १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन, बंद पडलेल्या कापड गिरण्यांतील कामगारांच्या आठवणी: असे विषय पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाला हजार प्रतींच्या हिशेबात परवडले नसते. दोनशे प्रतींच्या हिशेबात ते परवडतात. अशा ग्रंथाचे वाचक दोनशेच असले, तरी त्यांना तो हवा असतो आणि पन्नास वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकाला तर तो हवाच असतो. कमी प्रती हे दोषाचे लक्षण मानण्याची घाई म्हणूनच करू नये. ‘तिलोयपण्णत्ती’चे वाचक तरी केव्हा हजारोंनी होते?

मग हातात आलेले पुस्तक कसे जोखायचे? प्रकाशकाचे नाव आणि आयएसबीएन यांवरून काहीच ठरत नाही, हे वर आलेच. मी प्रथम शेवटची पाने उघडतो. संदर्भसूचीत मूळ साधने आहेत की केवळ इतरांची पुस्तके, गेल्या दहा वर्षांतील काही आहे की सगळे जुन्याच पाठांतरातले, आणि कोणता विषय कोणत्या पानावर आला आहे हे सांगणारी विषयसूची दिली आहे का, एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात. विषयसूची हा किरकोळ वाटणारा भाग आहे. पण ती करायला मनुष्य बसवावा लागतो, म्हणून ज्या पुस्तकावर कोणी काम केलेले नाही, त्यात ती हटकून नसते. त्यानंतर ऋणनिर्देश वाचावा. हस्तलिखित वाचून कोणी सूचना केल्या, कोणती दफ्तरे पाहिली, हे त्यात असते. तिथे केवळ संस्थाचालकांचे आभार असतील, तर तेही काही सांगून जाते. संपादित ग्रंथ असेल, तर प्रस्तावनेत संपादकाने प्रकरणांना एका प्रश्नाभोवती बांधले आहे की फक्त एकेकाचा सारांश दिला आहे, हे पाहावे. नक्कल ओळखणारी सॉफ्टवेअरे आणि आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविरोधी नियम यांचा उपयोग प्रबंधांना झाला. बाहेर छापल्या जाणाऱ्या पुस्तकांवर त्यांची पकड फार सैल आहे. आणि आता मजकूर लिहून देणारे संगणकही आले आहेत. अ‍ॅमेझॉनने आपल्या स्व-प्रकाशन सेवेत एका खात्याला दिवसाला तीनच नवी पुस्तके चढवता येतील, अशी मर्यादा सप्टेंबर २०२३ मध्ये घातली. दिवसाला तीन पुस्तके ही ‘मर्यादा’ ठरते, यावरून पुढच्या आकडेवारीचे स्वरूप काय असेल, याची कल्पना करता येते.

ग्रंथ महाग आणि प्रती थोड्या, या कोंडीतून वाट काढण्याचा एक मार्ग म्हणजे मुक्त प्रवेश, म्हणजेच ग्रंथ सर्वांना विनामूल्य वाचता येणे. २०१२ साली सुरू झालेल्या ‘डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस बुक्स’ या सूचीत परीक्षण झालेले असे हजारो ग्रंथ सापडतात. ब्रिटनमध्ये सरकारी संशोधन निधीतून तयार झालेले आणि १ जानेवारी २०२४ नंतर प्रसिद्ध झालेले संशोधनग्रंथ बारा महिन्यांच्या आत मोफत उपलब्ध करण्याची अट यूकेआरआय या संस्थेने घातली आहे. खर्च मात्र नाहीसा होत नाही; वाचकाने द्यायचे पैसे निधी देणाऱ्या संस्थेने किंवा विद्यापीठाने द्यायचे असतात, आणि ज्या लेखकामागे अशी संस्था नाही, त्याची अडचण तशीच राहते. मराठीतून लिहिणारे बहुसंख्य अभ्यासक याच दुसऱ्या गटात मोडतात.

तोवर सोलापुरातील वाचकाला आणि ग्रंथपालाला एक गोष्ट सहज करता येण्यासारखी आहे. बाजारात आलेले एखादे संशोधनपर पुस्तक मूळचे पीएच.डी.चे असावे, अशी शंका आली, तर पैसे मोजण्यापूर्वी ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर लेखकाचे नाव टाकून पाहावे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने उभारलेल्या या संग्रहात देशभरच्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध विनामूल्य वाचायला मिळतात. प्रबंध तिथे असेल, तर पुस्तकाची आणि त्याची दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत. मजकुरात फरक पडला असेल, म्हणजे प्रबंधाचा ग्रंथ करताना कोणीतरी त्यावर हात फिरवला असेल, तर पुस्तक घ्यावे, आणि केवळ मुखपृष्ठ बदलले असेल, तर ती रक्कम दुसऱ्या ग्रंथासाठी ठेवावी.